सव्वासहाचा पाढा

माझा थोरला भाऊ मधुसूदन पोतनीस बँकेच्या परीक्षेत गणितात नापास झाला, हे ग्वाल्हेरच्या आमच्या लष्कर भागातल्या निम्म्या मराठी घरांना माहीत आहे. तो का नापास झाला, हे फक्त दोन माणसांना माहीत होतं. त्यातला एक तो स्वतः, आणि तो गेल्या वर्षी गेला. उरले मी. मी तोंडाची फटकळ म्हणून ग्वाल्हेरभर प्रसिद्ध आहे, पण या एका बाबतीत चव्वेचाळीस वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते.

पोतनीस म्हणजे खजिन्यावरचा अधिकारी. आमचे कुणी पूर्वज फौजेबरोबर दख्खनेतून इकडे आले आणि दरबाराचा खजिना सांभाळू लागले, असं वडील सांगत. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. बळवंतराव पोतनीस, संस्थानच्या हुजूर कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. आमच्याकडे खजिना कधीच नव्हता, पण हिशेबाचा तोरा शाबूत होता. पोतनिसांच्या मुलाचा पाढा चुकणं म्हणजे नानांच्या लेखी चोरी करण्यासारखंच होतं.

आम्ही गोरखीच्या जुन्या वाड्याजवळ दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. तिन्हीसांजेला दिवा लागला की नाना पाटावर बसत आणि आम्हा दोघांचा परवचा सुरू होई. आधी स्तोत्रं, मग एक ते तीस पाढे, मग अपूर्णांकांचे पाढे: पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि शेवटी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. तो कुठल्याही पाढ्यात सातावर आला की अडखळायचा. सात औटं किती, असं नानांनी विचारलं की त्याच्या कानांच्या पाळ्या लाल व्हायच्या. नाना मारत नसत. ते फक्त म्हणायचे, पुन्हा पहिल्यापासून. मग दादा बे एके बे पासून सुरुवात करायचा, आणि आई, म्हणजे इंदुताई, आत भात निवत बसलेला बघत राहायची. मी पाच वर्षांची चिमुरडी कोपऱ्यात बसून ऐकायची. ऐकता ऐकता माझे सगळे पाढे पाठ झाले. एक दिवस मी मधेच म्हणून गेले, साडेचोवीस. नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि दादाकडेही पाहिलं. त्या दिवसापासून दादाला आकड्यांची जी दहशत बसली ती बसलीच.

बाकी त्याच्यात काही कमी नव्हतं. इंग्रजी उत्तम, अक्षर तर छापल्यासारखं. त्या अक्षरावरच त्याला नोकरी लागली. संस्थान विलीन होऊन मध्यभारत झाला होता आणि राजधानी अर्धं वर्ष ग्वाल्हेरला, अर्धं वर्ष इंदूरला असायची. त्यामुळे कचेऱ्यांचे कागद पेट्यांत भरून वर्षातून दोनदा आगगाडीनं इकडून तिकडे जायचे. दादा त्या पेट्यांवर नंबर घालणारा कारकून होता. काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन तो एकपासून एकशे चौतीसपर्यंत असे देखणे आकडे काढायचा की बघत राहावं. मी त्याला चिडवायची, तुला आकडे काढता येतात, जोडता येत नाहीत. तो हसायचा. नोकरी टेंपररी होती, पण चार वर्षं चालली म्हणजे पक्की होईल असं सगळेच धरून चालले होते.

छप्पनच्या नोव्हेंबरात मध्यप्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. दादानं त्याच पेट्यांवर शेवटचे नंबर घातले, स्वतः उभं राहून त्या मालडब्यात चढवल्या. पक्के कारकून पेट्यांबरोबर गेले. टेंपररी लोकांना एक ओळीचं पत्र मिळालं. दादा रंगाचा डबा घेऊन घरी आला आणि तो डबा त्यानं खिडकीत ठेवला. डबा तिथंच वाळून गेला.

त्या हिवाळ्यात लष्करात आमच्यासारखी किती घरं होती. बाड्याच्या चौकात संध्याकाळी फिरायला जायचं म्हणजे लोक एकमेकांना एकच विचारायचे, कहीं लगे? पहिले दोन महिने दादा, कोशिश चालू आहे, असं सांगायचा. मग त्यानं बाड्यावर जाणंच सोडलं. अर्ज लिहायचा, इतक्या सुंदर अक्षरात की वाचणाऱ्यानं फाडायच्या आधी जरा थांबावं. उत्तर कुठूनच यायचं नाही. जेवताना दुसरी पोळी घेईना. आई वाढायला गेली की ताटावर आडवा हात धरायचा, भूक नाही म्हणायचा. चोवीस वर्षांच्या धडधाकट मुलाला भूक कशी नसेल? तो घरातलं अन्न वाचवत होता, हे आईला कळत होतं, मला कळत होतं, फक्त नानांना कळत नव्हतं, किंवा ते तसं दाखवत होते.

फेब्रुवारीत एका बँकेची जाहिरात आली. कारकून हवेत, वय एक जुलैला पंचविशीच्या आत. पेपर तीन: इंग्रजी, निबंध आणि अंकगणित. अंकगणितात शंभरापैकी चाळीस वेगळे मिळालेच पाहिजेत, नाही तर बाकीचे पेपर तपासायचेही नाहीत. परीक्षा मे महिन्यात. दादाचा जन्म नऊ जुलैचा. म्हणजे ही परीक्षा त्याला आठ दिवसांच्या फरकानं मिळत होती, आणि पुढची कधीच मिळणार नव्हती.

जाहिरात कापून घेऊन तो माझ्याकडे आला. मी त्या वर्षी इंटर देऊन घरी बसणार होते, कारण मुलीला त्यापुढे कशाला, असं नानांचं मत होतं. दादा दाराशी उभा राहून म्हणाला, "पद्मा, तू शिकव मला. नानांना नको सांगू. आणि यात नाही झालं तर मी काय करू ते पण तूच सांग, कारण माझ्या तर काही समजमध्ये येत नाही."

मी म्हटलं, होईल कसं नाही, मी पास करवून सोडीन तुला. बोलून गेले खरी. एकोणीस वर्षांची होते, आणि गणितात आपल्याला या शहरात जोड नाही अशी माझी पक्की खात्री होती.

पहाटे पाचला आम्ही बसायचो. जुनं अंकगणिताचं पुस्तक होतं, त्यातले हौद भरायचे, आगगाड्या एकमेकींना ओलांडायच्या, मजूर भिंत बांधायचे. दादा कागदावर आकडेमोड करायला घेई आणि चौथ्या ओळीत हरवून जाई. मी त्याला कागद सोडायला लावला. साडेतीन आणे वाराचं कापड सात वार घेतलं, तर गुणाकार कशाला मांडतोस? औटकी म्हण. तो पुन्हा सातावर अडकायचा. मी नानांसारखं पहिल्यापासून म्हणायला लावायची नाही, सातावरूनच सुरू करायला लावायची. सात औटं साडेचोवीस, आठ औटं अठ्ठावीस. उलटंही म्हणायला लावायची. दीड महिन्यात गाडी रुळावर आली. एके दिवशी त्यानं कागद न घेता चार सवाल तोंडी सोडवले आणि माझ्याकडे असा बघत राहिला, जणू त्याच्या तोंडून दुसरंच कुणी बोललं होतं. त्या सकाळी त्यानं दुसरी पोळी घेतली.

आणि एक एप्रिलला नवे पैसे आले. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नये पैसे झाले. बाजारात नुसता गोंधळ. भाजीवाली एका आण्याचे सहा नये पैसे धरायची, दूधवाला सात मागायचा, रोज भांडणं. परीक्षेच्या पत्रात एक ओळ टाइप करून आली की उत्तरे नव्या नाण्यात द्यावीत. ती ओळ वाचून दादानं पुस्तक मिटून ठेवलं. सगळं पुस्तक आण्यांचं, सगळी तयारी आण्यांची, आणि हातात सहा आठवडे.

मी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी मला तो पाढा सुचला. एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे. मग सव्वासहाचाच पाढा का करू नये? एक सव्वासहा सव्वासहा, दोन सव्वासहा साडेबारा, तीन सव्वासहा पावणेएकोणीस, चार सव्वासहा पंचवीस, असा सोळा सव्वासहा शंभरपर्यंत. सवाल जुन्या रीतीनं आण्यात सोडवायचा आणि शेवटी या पाढ्यानं उत्तर नव्या पैशात न्यायचं. मला इतका आनंद झाला की स्वयंपाकघरात जाऊन मी आईला तो म्हणून दाखवला. नानांनी बाहेरून ऐकला. आत येऊन म्हणाले, पुन्हा म्हण. मी म्हटला. संध्याकाळी बाड्यावर जाऊन त्यांनी मित्रांना सांगितलं की आमच्या पद्मानं नवा पाढा रचला. चार दिवसांनी शेजारच्या सुधाताई पाणी भरताना मला म्हणाल्या, तुझे वडील तुला बी.एस्सी.ला घालायचं म्हणून राहिले आहेत. माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

दादा तो पाढा जीव तोडून पाठ करत होता. तिन्हीसांजेला आता आमच्या घरात पुन्हा परवचा सुरू झाला, पण एकाच पाढ्याचा. सातावर, सात सव्वासहा पावणेचव्वेचाळीस, इथे तो थोडा थांबायचा, डोळे मिटायचा आणि पार करायचा. मी त्याला एकच नियम घोकून घोकून पक्का करून दिला होता: काहीही सवाल येऊ दे, पहिले आण्यात आण, मग सव्वासहा.

मे महिन्याच्या सुरुवातीला, परीक्षेला पंधरा दिवस असताना, तो शेजारच्या विश्वासरावांना भेटून आला. विश्वासराव पोस्टात खिडकीवर बसायचे, तिकिटं नव्या पैशात आल्यापासून दिवसभर तेच करायचे. दादा मला चाचरत म्हणाला की विश्वासराव म्हणतात, आणे विसरून जा, सरळ नव्या पैशात गुणा आणि शेवटी दोन घरं सोडून टिंब द्या, बहुत आसान आहे.

मला राग आला. आज खरं सांगते, राग विश्वासरावांच्या रीतीचा नव्हता. ती रीत मला येत होती. राग याचा होता की माझ्या पाढ्याची जिला गरजच नाही अशी ती रीत होती. मी म्हटलं, एक रीत डोक्यात बसायला तीन महिने लागले, आता दुसरी घालून आहे तीही घालवायची आहे का? सवाल सगळे आण्यातच येणार, कारण पुस्तकं सगळी आण्यांची आहेत. तू माझ्याकडून शिकतो आहेस की पोस्टातून? दादा म्हणाला, तुझ्याकडून. आणि खाली मान घालून पाढा म्हणू लागला.

परीक्षेच्या दिवशी लूचा गरम वारा असा सुटला होता की सकाळी दहालाच रस्ते ओस पडले. आईनं लू बाधू नये म्हणून त्याच्या खिशात कांदा घातला, कपाळाला कुंकू लावलं. नाना दारापर्यंत आले, जे ते कधी येत नसत. तो दुपारी तीनला परत आला तेव्हा घामानं निथळत होता, पण चेहऱ्यावर हसू होतं. मी त्याला आतल्या खोलीत नेलं, पाणी दिलं आणि पेपर हातात घेतला.

दहा सवाल होते, प्रत्येकी दहा मार्कांचे. आणे हा शब्द सबंध पेपरात कुठेही नव्हता. सगळं रुपये आणि नव्या पैशातच विचारलेलं. पहिलाच सवाल असा होता: एका वहीची किंमत पासष्ट नये पैसे, तर चाळीस वह्यांची किती? मी वाचलं आणि अर्ध्या मिनिटात उत्तर माझ्या तोंडात होतं. पासष्ट चोक दोनशे साठ, वर एक शून्य, दोन घरं सोडून टिंब. सव्वीस रुपये.

दादा उत्साहानं सांगू लागला. त्यानं पासष्ट नव्या पैशांचे आधी आणे केले. दहा सव्वासहा साडेबासष्ट, उरले अडीच, त्याच्या झाल्या चार पै आणि वर एका पैचे चार पंचमांश. मग दहा आण्यांना चाळिसानं गुणलं, चारशे आणे. मग त्या पैंना गुणलं, एकशे ब्याण्णव पै, त्याचे बाराच्या भागानं सोळा आणे. एकूण चारशे सोळा आणे. त्याचे सव्वीस रुपये. सोळा सव्वासहा शंभर हेही तो पडताळून बघून आला होता.

"बरोबर सव्वीस आले, पद्मा. एक पै इकडची तिकडे नाही."

मी विचारलं किती सवाल सोडवलेस. तो म्हणाला, तीन पूर्ण, तिन्ही बिलकुल बरोबर. चौथा निम्मा झाला आणि घंटा झाली. टाइम फार कमी दिला त्यांनी.

तीन म्हणजे तीस. चाळीस लागत होते. एक सवाल. फक्त एक सवाल, जो नव्या पैशात सरळ सोडवला असता तर दोन मिनिटांचा होता. मी त्याच्यावर ओरडले नाही, ओरडायला पाहिजे होतं ते स्वतःवर. मी म्हटलं, "दादा, ते नये पैसेच होते ना? मग आण्यात कशाला नेलेस?"

तो अगदी साधेपणानं म्हणाला, "तूच तर म्हणाली होतीस, काहीही येऊ दे, पहिले आण्यात आण."

ते म्हणताना त्याच्या आवाजात राग नव्हता. म्हणून झाल्यावर त्याला कळलं. त्यानं पेपर माझ्या हातून घेतला, पहिला सवाल पुन्हा वाचला, ओठ हलवून काहीतरी गुणलं आणि खाली बसला. मला वाटलं आता हा मला बोलेल. बोलला असता तर फार बरं झालं असतं. त्यानं पेपरची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

जूनच्या शेवटी निकाल लागला. यादीत नाव नव्हतं, असणारच नव्हतं. नाना खुर्चीत बसले होते, आई त्यांच्यामागे, मी स्वयंपाकघराच्या दारात. माझ्या कॉलेजचा फॉर्म नानांनी आदल्याच दिवशी आणून फळीवर ठेवला होता, सही व्हायची होती. नानांनी दादाला विचारलं की पद्मानं एवढं शिकवलं होतं, मग काय अडलं?

मला माहीत होतं काय अडलं. माझ्या तोंडाशी आलंही होतं. दादानं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग नानांकडे. म्हणाला, "नाना, तिनं सगळं बरोबर शिकवलं होतं. माझ्याच डोक्यात नाही बसलं. सातावर अडलो."

नानांनी मान हलवली, जणू त्यांना हेच माहीत होतं, पंधरा वर्षांपासून माहीत होतं. मग त्यांनी हात लांब करून फळीवरचा फॉर्म घेतला आणि सही केली.

मी गप्प बसले. मी तेव्हा बोलले असते तर सही झाली नसती, एवढं मला कळत होतं. मी तो फॉर्म घेतला आणि दुसऱ्या दिवशी जाऊन भरला.

आठ दिवसांनी दादा पंचवीस वर्षांचा झाला. पुढे तो बिर्ला नगरात एका गिरणीच्या फाटकावर लागला. कामगार आत आले की रजिस्टरात वेळ लिहायची. सुंदर अक्षरात तो तीस वर्षं दुसऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहीत राहिला. मी बी.एस्सी. झाले, बी.टी. झाले, आणि मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. दशांश शिकवायला घेतले की पहिला सवाल फळ्यावर मी तोच लिहायची, चाळीस वह्यांचा. मुली अर्ध्या मिनिटात हात वर करायच्या. त्या हसत असायच्या, मी फळ्याकडे तोंड करून उभी असायची. त्रेसष्ट साली नाना गेले. मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगायची वेळ रोज होती, आणि मी रोज भित्रेपणा केला. दुसरं काही नाव त्याला देता येत नाही.

दादा आजारी पडला तेव्हा मी त्याच्याकडे राहायला गेले होते. एक दिवस संध्याकाळी दिवा लावून मी त्याच्या खाटेशी बसले आणि शेवटी बोलले. म्हटलं, दादा, त्या दिवशी तू माझ्यासाठी खोटं बोललास आणि मी तुला बोलू दिलं. माझ्यामुळे तुझं आयुष्य फाटकावर गेलं. मला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं.

तो म्हणाला, छोड ना, किती जुनी गोष्ट. आणि जरा थांबून, "पाढा मात्र मस्त होता हं तुझा."

मग त्यानं डोळे मिटले आणि म्हणायला लागला. एक सव्वासहा सव्वासहा, दोन सव्वासहा साडेबारा. श्वास लागत होता, मधे मधे थांबत होता. मी सातापाशी माझा श्वास धरला. सात सव्वासहा पावणेचव्वेचाळीस, तो म्हणाला, आणि पुढे गेला. या जगात कुणालाही कशासाठीही न लागणारा तो पाढा त्यानं सोळापर्यंत म्हटला आणि कुठेही चुकला नाही. मग डोळे उघडून मला विचारलं, "बरोबर आहे ना?"

मी म्हटलं, बरोबर आहे.